चंदाच्या नावाचा किल्ट

मी, खाली सही करणारी रजनी नारायण मयेकर, वय साठ, अविवाहित, शाळेची नोकरी सोडलेली संगीत व शारीरिक शिक्षणाची शिक्षिका, मूळ गाव मालवणकडचे, हल्ली राहणार टोकरखाडा, सिल्वासा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मन ठिकाणावर नाही. पण कायद्याला मनाचा दाखला लागत नाही, म्हणून हे कागद चालतील असे वकिलांनी सांगितले. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. उलट, ज्याचा दबाव आजवर मला कळलाच नाही त्याच्यापासून सुटून मी हे लिहीत आहे.

कलम १. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात आईच्या पाटल्या सोडून माझे सगळे काही माझा धाकटा भाऊ रघुनाथ नारायण मयेकर याला दिले होते. ते मृत्युपत्र मी या लेखाने पूर्णपणे रद्द करीत आहे. ते लिहिताना रघुनाथ माझ्या शेजारी बसला होता आणि डोळे पुसत म्हणत होता, "ताई, कशाला आत्ता हे? तू शंभर वर्षं जगशील." ते रडणे मी खरे मानले. गेल्या महिन्यापर्यंत मानत होते.

रद्द का केले हे लिहिणे कायद्याने जरूर नाही. तरी लिहिते. माझ्या मागे कुणी म्हणू नये की म्हातारी शेवटी बिथरली आणि भावाला तोडून गेली.

आमचे वडील मुंबईला एका बँडमध्ये बॅगपाइप वाजवीत. मला मुलगा समजून नव्हे, पण घरात दुसरे कुणी शिकायला तयार नव्हते म्हणून त्यांनी मला ते शिकवले. शिक्षिका होऊन मी सिल्वासाला आले तेव्हा इथे रस्ते कच्चे होते आणि कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पुढे कारखाने वाढले, खानदेशातून माणसे आली, त्यांच्या मुली शाळेत आल्या. रघुनाथचे मुंबईत बस्तान बसेना, म्हणून त्यालाही मीच इथे बोलावून घेतले. एका सूत कारखान्यात तो स्टोअर सांभाळू लागला. त्याची बायको लवकर गेली. त्याची मुलगी पूजा माझ्याच घरात, माझ्याच हाताखाली वाढली.

शहाऐंशी साली मी शाळेत मुलींचा पाइप बँड उभा केला. त्यात पूजा होती. आणि त्यात किलवणीहून येणारी चंदा भिका पाटील होती. तिचे आईबाप शिरपूरकडून कारखान्यात कामाला आलेले. बॅगपाइपची पिशवी काखेत दाबून श्वास सारखा ठेवणे मोठ्या माणसांना महिनोन्‌महिने जमत नाही. चंदाला ते आठवड्याभरात जमले. मी विचारले, "कुठं शिकलीस गं?" तर म्हणाली, "बाई, घरी चूल फुंकते ना मी. धूर झाला की आई ओरडते." तिलाच मी बँडची म्होरकी केले.

बँड म्हटला की पोषाख आला. बॅगपाइपबरोबर किल्ट शोभतो. किल्ट म्हणजे कमरेभोवती गुंडाळायचा, गुडघ्यापर्यंतचा, मागे चुण्या असलेला चौकड्याच्या कापडाचा घागरा. हे नाव ऐकून पालकसभेत एकच गहजब झाला. मुलींचे गुडघे दिसणार! कमिटीतले एक सद्गृहस्थ घरून लाकडी फूटपट्टी घेऊन आले होते. गुडघ्याखाली किती इंच हे ठरल्याशिवाय चर्चा पुढे जाणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. तेव्हा मागच्या रांगेतून चंदाची आई भिमाबाई उठली. सभेत ती पहिल्यांदाच बोलत होती, तेही आपल्या अहिराणीत.

"आम्ही लुगडं खोचीसन गुडघाभर चिखलमां उभ्या ऱ्हातस, तवय कोनी पट्टी लई येत नही. मनी पोर वाजा वाजाडी राहिनी, तर तिना गुडघा दिसना का?"

किल्ट मंजूर झाले.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात मी किल्ट पाहायला मेरठला गेले. तिथे बँडचे सगळे सामान मिळते. एकटीने इतक्या लांब जाऊ नको म्हणून रघुनाथ बरोबर आला. हे मुद्दाम लिहिते आहे. तो माझ्या बरोबर होता.

कुठलीही वस्तू पाहिल्याशिवाय आणि ताडून पाहिल्याशिवाय घ्यायची नाही, ही वडिलांची शिकवण. दुकानदार जुना, शिस्तीचा माणूस होता. त्याने तीन तऱ्हेचे किल्ट समोर मांडले. पहिला पलटणीचा, जाड लोकरीचा, पेटीसारख्या दुहेरी चुण्यांचा. सुंदर, पण इतका जड की आमच्या मुलींनी तो घालून मैदानाला फेरी मारली असती तर त्या बसल्याच असत्या, आणि सिल्वासाच्या उकाड्यात तर विचारच नको. दुसरा मध्यम लोकरीचा, एकामागे एक कलत्या चुण्यांचा, आतून कमरेला पांढरे जाड कापड, बाजूला चामडी पट्टे आणि बकले. तिसरा पॉलिस्टरचा. रंग सगळ्यांत भडक, वजनाला पिसासारखा, चुण्या शिवलेल्या नाहीत, फक्त इस्त्रीने दाबलेल्या, आणि कमरेला इलॅस्टिक.

मी दुसरा आणि तिसरा उलटे करून पाहिले. लोकरीच्या किल्टात मागच्या बाजूला एवढ्या चुण्या असूनही चौकडी मोडत नव्हती, रेघ रेघेला मिळत होती. पॉलिस्टरच्या मागच्या बाजूला रेघा वाटेल तशा धावत होत्या. पुढून मात्र दोघांचे सपाट पदर सारखेच दिसत. मग दुकानदाराने दोन्हींचा एकेक धागा काढला आणि काडी लावली. लोकरीचा धागा केस जळावा तसा वास सोडून चटकन विझला. पॉलिस्टरचा भपकन पेटला, वितळला आणि त्याचा काळा मणी होऊन दुकानदाराच्या चिमट्याला चिकटला. तो म्हणाला, "बहनजी, बच्चियों के लिए लेना है ना? यह चमड़ी पर चिपक गया तो छूटता नहीं."

रघुनाथने तो मणी नखाने खरवडून पाहिला होता. "बाप रे," म्हणाला होता. माझ्या डोळ्यांसमोर ते नख अजून आहे.

पैसे अनामत ठेवून तिन्ही नमुने मी सिल्वासाला आणले, हॉलमध्ये तारेवर टांगले, मुलींना घालून चालायला लावले. पॉलिस्टरचा वाऱ्याने उडे, वळताना अंगाला चिकटे. चंदा मधला, लोकरीचा घालून गर्रकन फिरली, चुण्या उघडल्या आणि ती थांबल्यावर आपोआप जागच्या जागी बसल्या. ती म्हणाली, "बाई, ह्याला सांगावं लागत नाही." तोच ठरला. गडद हिरवा आणि निळा, मधून बारीक पिवळी रेघ. मुली वाढत्या अंगाच्या, म्हणून मी खाली रुंद दाब धरायला सांगितला, पुढे उसवून लांब करता यावा म्हणून. किल्टला असा दाब कुणी धरत नाही, दुकानदार हसलाही. प्रत्येकीचे माप नावासकट पाठवले, तर त्याने कमरेच्या आत जिचे तिचे नाव लाल धाग्याने विणून देण्याचे कबूल केले.

जानेवारी एकोणनव्वदमध्ये शाळेचा क्रीडा महोत्सव होता. त्याच्या आधी मला टायफॉइड झाला आणि मी अंथरुणाला खिळले. पार्सल वापी स्टेशनावर आले. ते सोडवून आणायला रघुनाथ गेला, मुलींना वाटायचे कामही त्यानेच केले. मी त्याला म्हटले होते, "एक मला दाखव तरी." तो म्हणाला, "तू बरी हो आधी. मैदानात बघशीलच."

मैदानात पाहिले. मी समोर खुर्चीवर शाल घेऊन बसले होते. मुली माझ्याकडे तोंड करून उभ्या. हिरवा, निळा, पिवळी रेघ. मी समाधानाने हात जोडले.

क्रीडाज्योत घेऊन धावणारा मुलगा आला, ज्योत स्टँडवर लावली. वारा होता. रॉकेलच्या चिंध्यांचा पेटता गोळा सुटून खाली पडला तो म्होरकीच्या आणि तिच्या शेजारणीच्या अंगावर. शेजारी पूजा होती. पूजाच्या मांडीवर पडलेली चिंधी तिने झटकली, तिथे बोटाएवढे काळे भोक पडले आणि संपले. चंदाचा किल्ट मात्र एका क्षणात वरपर्यंत पेटला. मी शाल टाकून धावले, स्टेजसमोरची सतरंजी ओढून तिला गुंडाळले. माझ्या तळहातांना काळे, चिकट काही लागले. ते कातडीसकटच निघाले. ती ओरडत नव्हती. ती मला म्हणत होती, "बाई, पाइप सांभाळा."

भिमाबाई किलवणीहून येईतो आम्ही तिला वलसाडला हलवले होते. "मनी पोरले काय व्हयनं?" एवढेच ती मला विचारत राहिली.

चंदा वाचली. तिच्या मांड्यांवर आणि पिंढऱ्यांवर काय उरले हे मी लिहिणार नाही, ते तिचे आहे. डावा गुडघा पुरता वाकत नाही. कापड कुणी निवडले, असे चौकशीत विचारले गेले. मी निवडले, पण लोकरीचे, असे मी सांगितले. मग दुकानदाराने दगा दिला असेल, असे ठरले. रघुनाथ स्वतःहून मेरठला गेला आणि परत येऊन म्हणाला, "ताई, दुकान बंद झालंय. मालक पळाला." शाळेत लोक माझ्याकडे पाहताना आवाज खाली करू लागले. मी राजीनामा दिला. माझ्या हातांना पट्ट्या होत्या तोवर रघुनाथ मला भरवीत असे. घास भरवताना म्हणे, "तुझा काही दोष नाही गं."

नऊ वर्षे तो हे म्हणत आला.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत, केसरबाईंच्या नातवाचे लग्न निघाले. केसरबाई म्हणजे शाळेतल्या निवृत्त सेविका, माझ्या शेजारीण. दुपारी चारच्या सुमारास वरात आली. पुढे दादऱ्याकडचा बँड. बँडवाल्यांनी पँटींवर किल्ट गुंडाळले होते. रंग उडालेले, कडा झिजलेल्या. मी ओट्यावर उभी होते. ते पुढे गेले आणि मला त्यांची पाठ दिसली.

चौकडी मोडत नव्हती. रेघ रेघेला मिळत होती. आणि प्रत्येकाच्या खालच्या बाजूला वीतभर पट्टा बाकीपेक्षा गडद होता. दाब उसवला की आतले न विटलेले कापड असेच दिसते. किल्टला दाब कुणी धरत नाही. जगात एकाच बाईने धरायला लावला होता.

मी चपला न घालता रस्त्यावर उतरले. कोपऱ्यावर थांबून घाम पुसणाऱ्या एका पाइपवाल्याला गाठले. त्याचे नाव झिपरू. मी विचारले, "भाऊ, हे कुठून आणलेत?"

"मालकाचे हायेत बाई. लई जुने. कोणा शाळेच्या साहेबाकडून अख्खा जोड घेतला होता म्हणे, कोरा. एकच कमी होता."

"आत काही लिहिलंय का?"

तो हसला. कमरेची पट्टी बाहेर दुमडून त्याने दाखवली. "हे काय. माझ्यावर चंदा लिहिलंय. सगळे मला चिडवतात, ए चंदा, सूर लाव."

लाल धागा विटून गुलाबी झाला होता. चंदा भि. पाटील. मला वाटते मी खाली बसले, कारण पुढचे आठवते ते झिपरू माझ्यापुढे उकिडवा बसून पाणी देत होता एवढेच. मी त्याला एकाच वाक्यात सांगितले की ही मुलगी माझी विद्यार्थिनी, आणि हा तिला मिळाला नाही म्हणून ती भाजली. त्याने बकले सोडली, किल्ट काढून घडी घातली, माझ्या मांडीवर ठेवली, आणि साध्या पँटीवर वरातीत जाऊन वाजवू लागला.

एकच कमी होता. कोणता, हे मला त्या क्षणी कळले आणि कळू नये असे वाटले.

पूजा लग्न होऊन सुरतेला असते, उन्हाळ्यासाठी माहेरी आली होती. मी तिला म्हटले, "तुझा शाळेचा किल्ट आहे गं अजून?" तिने ट्रंकेतून काढून दिला. मांडीवर बोटाएवढे भोक. मी कमर उलटली. लाल धाग्याने: पूजा र. मयेकर. पूजाला वाटले मला जुनी आठवण आली. मी तिला भोकाच्या कडेचा एक धागा काढायला सांगितला आणि गॅसपाशी नेऊन पेटवायला सांगितला. केस जळाल्याचा वास आला आणि धागा विझला. चंदाच्या त्या दिवशीच्या कापडाचा एक वितळलेला तुकडा भिमाबाईने जपून ठेवला आहे, तो पूजाने पाहिलेला होता. पूजाने झिपरूच्या घडीकडे पाहिले, मग हातातल्या किल्टकडे. ती स्वयंपाकघरात जमिनीवरच बसली. तिला यातले काहीही माहीत नव्हते हे मी शपथेवर लिहिते.

रघुनाथ संध्याकाळी कारखान्यातून आला. दोन्ही किल्ट पलंगावर पसरले होते. मला वाटले होते तो नाही म्हणेल. नाही म्हणावे अशी मी मनात प्रार्थना करीत होते. तो शर्टाची बटणे सोडता सोडता म्हणाला, "सापडले का शेवटी."

"रघू, तू विकलेस?"

"तेव्हा मी अडचणीत होतो ताई. ते बँडवाले हातोहात घेत होते. सुरतेचं कापड आणलं, वापीत शिवून घेतलं, हुबेहूब. एका दिवसाचा तर कार्यक्रम. तुला तरी कुठं कळलं?"

"तू तो धागा जळताना पाहिला होतास."

"दुकानदार काय, काहीही दाखवतात माल खपवायला."

"मग पूजाला खरा का ठेवलास?"

तो थांबला. पूजा दारात उभी होती, तिला पाहून थांबला. मग म्हणाला, "ती घरात तुझ्यासमोर घालून फिरली असती. तू हात लावून पाहिलं असतंस."

पूजा म्हणाली, "बाबा, मी घरात कधी घातलाच नाही. तुम्हीच सांगितलं होतं, मैदानावर जाऊनच घाल."

तो तिच्याकडे पाहत राहिला. त्याने बटणे पुन्हा लावली आणि बाहेर निघून गेला. मला त्या दिवसापासून नीट झोप नाही. त्याने चोरी केली याचा धक्का आहेच. पण ज्याला मी चमच्याने वरणभात भरवून मोठा केला आणि ज्याने मला पट्ट्या बांधलेल्या हातांच्या दिवसांत भरवले, तो माणूस त्या दोन्ही वेळी कोण होता, हे मला आता कळेनासे झाले आहे. हे एवढे लांबले ते कलम एकचे कारण आहे.

कलम २. टोकरखाड्यातले माझे राहते घर, मागच्या अंगणासह आणि त्यातल्या दोन्ही चिकूच्या झाडांसह, चंदा भिका पाटील, वय चोवीस, बालवाडी शिक्षिका, राहणार किलवणी, हिला द्यावे. तिची आई भिमाबाई हयात असेपर्यंत तिला त्या घरात राहण्याचा हक्क राहील. ही भरपाई नाही. भरपाई होत नसते. चंदा ही माझी विद्यार्थिनी आहे आणि माझी माणूस आहे, म्हणून हे घर तिचे.

कलम ३. बँकेतली शिल्लक चंदाचीच. तिच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेबद्दल मुंबईच्या डॉक्टरांनी आशा दाखवली आहे. करायची की नाही हे तिने ठरवावे. तिने त्या पैशांत बालवाडीला झोपाळा घेतला तरी कुणी बोलू नये.

कलम ४. माझ्या आईच्या पाटल्या पूजाच्या आहेत, आधीच्या मृत्युपत्रातही होत्या, यातही आहेत. पूजा, तुझ्या अंगावर लोकर होती हा तुझा गुन्हा नाही. तू परवा विचारलेस, "आत्या, मी चंदासमोर कशी जाऊ?" मी तेव्हा उत्तर दिले नाही. आता देते: पायांनी जा. किलवणीची बस स्टँडवरून सुटते.

कलम ५. रघुनाथला माझ्या मिळकतीतले काहीही देऊ नये. त्याच्यावर फिर्याद करायची की नाही हा हक्क मी माझ्याकडे ठेवत नाही, तो चंदाचा आहे. ती काय ठरवील ते मी विचारलेले नाही. माझी साक्ष लागली तर हा लेखच माझी साक्ष समजावा. एक मात्र लिहून ठेवते. रात्री जेवताना मी अजून त्याचे पान मांडते, मग उचलते. ही सवय आहे, क्षमा नव्हे. कुणी तिला क्षमा समजू नये.

कलम ६. माझ्या वडिलांचा बॅगपाइप झिपरू यास द्यावा. त्याच्या पाइपची पिशवी गळते, हे मी वरातीतच ऐकले होते. पिशवीला महिन्यातून एकदा आतून तेल पाजावे लागते, ते न विसरता पाजावे. चंदाच्या नावाचा किल्टही त्याच्याकडेच जाईल. हे मी ठरवले नाही. मी तो घेऊन किलवणीला गेले तेव्हा चंदाने कापड बोटांत धरून बराच वेळ पाहिले. मग एकच विचारले, "बाई, हा पेटला नसता?"

मी म्हटले, "नसता."

भिमाबाई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. चंदा किल्टची घडी करता करता म्हणाली, "त्या दादाला परत द्या. माझ्याकडे ठेवला तर मी ह्याला रोज हेच विचारीन." म्हणून परत द्यावा.

कलम ७. मेरठच्या त्या दुकानदाराचे नाव चौकशीच्या कागदांत दगाबाज म्हणून लिहिले गेले. त्याने पाठवलेला माल अस्सल होता. शाळेने हे पुढच्या क्रीडा महोत्सवात सर्वांसमोर वाचून दाखवावे, अशी माझी मागणी आहे. माझ्याबद्दल काही वाचू नये. कमिटीतल्या फूटपट्टीवाल्या सद्गृहस्थांची पट्टी त्या सभेनंतर माझ्याकडेच राहिली, ती त्यांना परत करावी. त्यांना अजून मोजायचे असेल.

कलम ८. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी औषधाचे दुकानदार श्री. भावेश पटेल यांना नेमते. त्यांनी मला कधीही उगाच धीर दिला नाही, म्हणून त्यांच्यावर विश्वास आहे.

कलम ९. माझे अंत्यविधी. भावाचा अधिकार मी काढून घेतला आहे. माझे विधी चंदाने करावेत अशी माझी इच्छा आहे. परंतु त्या दिवसानंतर चंदाने हातात काडीपेटी धरलेली नाही. घरी चूल तिची आई पेटवते. बालवाडीत खिचडी शिजते तेव्हा ती मुलांना घेऊन अंगणात जाऊन बसते. दिवाळीत ती दारे लावून घेते. <s>म्हणून माझ्या देहाला अग्नी देऊ नये. आमच्यात तशी रीत नसली तरी मला मातीत पुरावे. तिने फक्त मूठभर माती टाकावी.</s>

वरील मजकूर मी आज सकाळी साक्षीदारांसमोर आणि चंदा व भिमाबाई यांच्यासमोर वाचून दाखवला. शेवटच्या ओळी आल्या तेव्हा चंदा म्हणाली, "बाई, हे खोडा."

"का गं?"

"तुम्हाला मातीत कशाला? माझ्यासाठी?"

"हो. तुझ्यासाठी."

"मग मला विचारायचं होतं आधी."

ती उठली, गुडघ्यामुळे तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. केसरबाईंना म्हणाली, "आजी, काडीपेटी द्या." केसरबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली, हो म्हणून की नको म्हणून हे मलाच कळले नाही. काडीपेटी चंदाच्या हातात गेली. पहिल्या काड्या घासतानाच मोडल्या. भिमाबाई "ऱ्हाऊ दे, चंदे, ऱ्हाऊ दे" म्हणत पुढे झाली, तिला तिने कोपराने बाजूला केले. मग एक काडी पेटली. चंदाने ती धरून ठेवली. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि ती डोळे मिटत नव्हती. ज्योत बोटांपाशी आली तेव्हा तिने फुंकर मारली. काडी जमिनीवर टाकली आणि म्हणाली,

"लिहा आता."

म्हणून कलम ९ मधील खोडलेला मजकूर रद्द समजावा. माझ्या देहाला अग्नी चंदा देईल. खाडाखोड माझ्या संमतीने झाली असून तिच्या शेजारी माझी सही आहे.

हे मृत्युपत्र मी वाचले, साक्षीदारांनी ऐकले, आणि यातला शब्द न् शब्द माझा आहे.

(सही) रजनी नारायण मयेकर

साक्षीदार:
१. केसरबाई धोंडू गावित, निवृत्त शाळा सेविका, टोकरखाडा. (डाव्या हाताचा अंगठा)
२. भावेश हसमुखलाल पटेल, औषध विक्रेते, सिल्वासा. (सही)

स्थळ: टोकरखाडा, सिल्वासा, दादरा व नगर हवेली
दिनांक: ७ जून १९९८